हात तेवढे आणलेत

वयाच्या एकतिसाव्या वर्षी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, वीस-बावीस बायकांच्या देखत मी एक मूर्खासारखं वाक्य बोलले. कुणीतरी कौतुकानं विचारलं होतं, "दोन लहान पोरं, त्यात मांड्यांच्या एवढ्या ऑर्डरी. कसं हो जमवता?" मी पदर सारखा केला, मान जरा तिरकी केली आणि म्हणाले, "पोरांचं काय हो, ती आपोआप वाढतात."

हे बोलले तेव्हा माझा धाकटा मोठ्या जावेच्या कडेवर होता आणि थोरला तिच्याच पदराला नाक पुसत होता.

त्या वेळी ते वाक्य मला फार शोभून दिसलं असं वाटलं. अंगावर नवी नायलॉनची साडी होती, केसांत अबोलीचा गजरा होता आणि डोक्यात हवा होती. घरी येताना ते मनातल्या मनात दोनदा परत म्हणूनही बघितलं. आज ती बया समोर आली तर तिच्या गजऱ्यासकट तिला न्हाणीत कोंडून घालीन. पण ती चूक होती हे कळायला मला बहात्तरावं वर्ष उजाडावं लागलं. मधली चाळीस वर्षं मी सूड घ्यायच्याच विचारात होते. तो घ्यायचा होता जावेचा. आणि मी तो घेतला. कसा घेतला ते सांगते, कारण त्यातला बराचसा भाग मला अजूनही आवडतो.

आधी मांड्याचं सांगायला हवं. बेळगावात लग्न म्हटलं की मांडे आलेच. नवरीबरोबर तिच्या सासरी मांड्यांची बुट्टी, म्हणजे टोपली, जाते आणि ती सगळ्यांच्या समोर उघडतात. त्या घरातली सगळ्यात म्हातारी बाई एक मांडा दोन बोटांनी उचलते, उजेडाकडे धरते, मोडते, आणि मग जे काही बोलते ते नवरीला पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं. मांडा जाड निघाला तर नवरीचं माहेर जाड. घडी चिरलेली असली तर माहेरच्यांना घाई फार. एवढ्याशा साखरेच्या पोळीवर इतकं ओझं.

मी निपाणीकडची. माहेरी तंबाखूची शेती. पानं उलथायला आणि वाळवायला मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं, पण मांडा हातानं करतात हे मला लग्न होऊन शहापुरातल्या सासरी आल्यावर कळलं. सासूबाई पंचक्रोशीत मांड्यांसाठी नावाजलेल्या. मोठ्या जावेनं दोन वर्षं प्रयत्न करून सोडून दिला होता. मग मी आले. सासूबाईंनी माझे हात उलटसुलट करून बघितले, बाजारात वांगी बघतात तसे, आणि म्हणाल्या, "बघूया."

हे 'बघूया' तीन वर्षं चाललं.

गहू ओलवायचा, सावलीत वाळवायचा, दळायचा आणि जुन्या धोतराच्या कापडातून तीनदा चाळायचा. चाळून खाली जे पडतं ते सपीट. ते मळायचं, ओल्या फडक्याखाली मुरवायचं, मग तासभर पाट्यावर आपटायचं. कणीक हाताला चिकटायची थांबते आणि लोण्यासारखी लवते तेव्हा ती झाली. आत पिठीसाखर, खसखस, वेलदोडा भरून गोळा करायचा, थोडा लाटायचा आणि मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवत, झुलवत मोठा करायचा. कोपरापर्यंत हात त्याच्याखाली जातात. खाली वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता आली पाहिजेत. चुलीवर पालथं घातलेलं खापर असतं, त्यावर तो टाकायचा आणि डाग पडायला लागले की काढून गरम असतानाच चौकोनी घडी घालायची. चार श्वास उशीर झाला तर तो कडक होतो आणि घडीवर मोडतो. लवकर केली तर आतली साखर बोटांना चिकटून कातडं घेऊन येते.

मी उशीरही केला आणि घाईही केली. माझ्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत सात डाग आहेत. माझी नात लहानपणी त्यांना बटणं म्हणायची. पहिल्या वर्षी मोडलेल्या मांड्यांचा चुरा दुधात घालून अख्ख्या घरानं इतक्या वेळा खाल्ला की मोठे दीर ताटावर बसताना विचारायचे, "आज भाकरी हाय, का परत मांड्याचं दूध?" कणीक वाया जाऊ नये म्हणून दुपारी मी धोतराचं ओलं पान हातावर घेऊन फिरवायची सवय करायची. परसात उभी राहून एक बाई ओलं धोतर झुलवतेय, हे बघून शेजारच्या म्हातारीनं सासूबाईंना हळूच विचारलं होतं, सुनेचं सगळं ठीक आहे ना.

आणि बांगड्या. काचेची बांगडी कणकेला लागली की मांडा फाटलाच. म्हणून मांड्याच्या दिवशी सासूबाई बांगड्या उतरवायला लावत आणि सवाष्णीचा हात रिकामा नको म्हणून मनगटाला काळा दोरा बांधत. दोरा बांधताना त्यांचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "हाताकडं बघू नको, कणकीकडं बघ." हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

तिसऱ्या वर्षी माझा मांडा उतरला. पाचव्या वर्षी लोक सासूबाईंचं नाव घेऊन यायचे आणि मांडे माझे न्यायचे. सासूबाई गेल्यावर ऑर्डरी वाढल्या. खानापूर, येळ्ळूर, कॅम्पातल्या लष्करी लोकांच्या घरची डोहाळजेवणं. परसात पत्र्याची शेड झाली, हाताखाली तीन बायका आल्या, आणि आता माझे मांडे खोक्यात बसून बंगळूरला आणि पुण्याला जातात. खोक्यावर बाणासकट लिहिलेलं असतं की ही बाजू वर.

ह्या सगळ्या चाळीस वर्षांत मोठी जाऊ माझ्याबद्दल एकच वाक्य बोलली, हजार वेळा. "तिच्या हाताला गुणच हाय."

ऐकायला काय गोड आहे. पहिली काही वर्षं मीही लाजून हसायची. ती गजऱ्यातली बया मूर्ख होती हे मी सांगितलंच आहे. हळूहळू मला ते टोचायला लागलं. गिऱ्हाईक दारात आलं की जाऊ सांगायची, "व्हय, जन्मताच गुण हाय हाताला. न्हायतर तंबाखूतनं आलेली पोरगी, तिला काय येतंय." कुणी माझ्या शेडचं कौतुक केलं की, "देवानं दिलं तिला. आमी कितीबी मर मर मेलो तर आमच्या हाताला न्हाय गुण." एकदा मी भाजल्या हाताला खोबरेल लावत बसले होते, तेव्हा शेजारणीला म्हणाली, "तिला काय बसल्या बसल्या हुतंय." बसल्या बसल्या म्हणे. खापरासमोर कुणी बसून दाखवावं.

तीन वर्षांचं धोतर, सात डाग, दीरांनी प्यायलेलं मांड्याचं दूध, सगळं त्या दोन अक्षरांत पुसलं जायचं. गुण. मला तिच्याकडून एकदाच, फक्त एकदा, 'कष्ट' हा शब्द ऐकायचा होता. दुसरं काही नको होतं. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, ती कौतुकच करतीया न्हवं." तो फौंड्रीत फिटर होता. मी त्याला म्हणाले, "उद्या साहेब म्हणाला की तुमच्या पान्याला गुण आहे, तर हसशील का?" तो चपला घालून बाहेर पडला.

घरं वेगळी झाली, जाऊ तिच्या लेकानं बांधलेल्या नव्या घरात गेली, तरी ते वाक्य तिच्याबरोबर गेलं आणि सणावाराला परत येत राहिलं.

गेल्या वर्षी तिच्या नातीचं लग्न ठरलं. मुलगा निपाणीचा. साखरपुड्यात मुलाची आजी, डोळ्यांनी माणूस सोलणारी बाई, म्हणाली, "मांडे घरचे का दुकानातले?" जाऊ ताठ झाली. "घरचे की. माझी जाऊ करणार." मग माझ्याकडे बघून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं, "तिला काय त्यात. हाताला गुण हाय तिच्या. मांडं आपल्या आपण हुत्यात."

लोक हसले. मीही हसले. मी इतकं गोड हसले की माझ्या सुनेला शंका आली. ती पुण्याची, तिला माझं हसू आता वाचता येतं. "आई, तुम्ही काही करणार नाही आहात ना?" मी म्हणाले, "मी काय करणार. मांडे करणार."

लग्नाच्या तीन दिवस आधी सकाळी मी माझ्या तिन्ही बायकांना सुट्टी दिली. शेडला कुलूप लावलं. नवऱ्याला शेजारच्या घरी चहाला पाठवलं. आणि रिक्षा करून जावेच्या दारात उतरले.

ती वाटच बघत होती. दारात रांगोळी, आत चहा. माझ्या मागं रिक्षात डोकावली, मग रिक्षा गेली त्या रस्त्याकडे बघितलं.

"सामान मागनं येतंय का?"

"कसलं सामान, आक्का?"

"मांड्याचं गं. सपीट, खापर, पाटा."

मी दोन्ही हात तिच्या नाकासमोर धरले. तळवे एकदा पुढून दाखवले, एकदा मागून. "हे बघा, आणलेत की. तुम्हीच म्हणता ना गुण हाताला आहे. म्हणून हात तेवढे आणलेत."

तिनं माझे हात बाजूला सारले आणि परत रस्त्याकडे बघितलं. त्या एका बघण्यासाठी मी आणखी चाळीस वर्षं थांबले असते.

"थट्टा पुरे," ती म्हणाली. "तुझ्या शेडात पोत्यानं सपीट असतंय. नातू जाऊन घिऊन येईल."

"शेडला कुलूप आहे. किल्ली ह्यांच्याकडं, आणि हे गेलेत लोंढ्याला पाहुण्यांकडं. परवा येतील."

किल्ली माझ्या कनवटीला होती. बोलताना ती पोटाला टोचत होती आणि ते टोचणंसुद्धा बरं वाटत होतं.

तिच्या सुनेनं सुचवलं की बाजारातून तयार मांडे आणूया, छान मिळतात. जावेनं तिच्याकडे असं बघितलं की ती बिचारी चहाच्या कपबशा घेऊन आत गेली. निपाणीच्या आजीला शब्द दिला होता, घरचे मांडे. ती म्हातारी एका घासात ओळखणार. नात सोफ्यावर बसली होती, हातात फोन, चेहरा उतरलेला. तिनं विचारलं, "आता काय होणार?" आणि ते तिनं आजीला विचारलं, मला नाही. जावेनं पदर खोचला.

"काय काय लागतंय ते सांग."

मी पंख्याखालच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले आणि सांगितलं.

तीन दिवस मी त्या खुर्चीत राज्य केलं. पहिल्या दिवशी तिनं गहू ओलवला आणि गच्चीवरच्या सावलीत पसरला. सावली सरकली की जिना चढून गहू सरकवायचा. गुडघे तिचे शहात्तर वर्षांचे. मी खालून विचारायची, "आक्का, ऊन लागलं का बघा की जरा." नातवाला वर पाठवते म्हणाली तर मी म्हणाले, "पोराला काय कळतंय ओलं-कोरडं." दुसऱ्या दिवशी गिरणीतनं पीठ आलं. पातेल्याच्या तोंडाला धोतराचं कापड बांधून ती चाळायला बसली. पहिली चाळण झाली. मी चिमूट उचलली, बोटांत चोळली, डोळे मिटले. डोळे मिटायची काही गरज नसते.

"अजून एकदा, आक्का."

"बारीकच झालंय की."

"तुम्हाला वाटतंय. माझ्या हाताला कळतंय ना."

तिच्या भुवया, केस, ओठांवरची लव, सगळं पांढरं झालं होतं. तिची सून ऑफिसातून अर्ध्या दिवसानं येऊन मदतीला बसली तर मी तिला उठवलं. "तू दमून आलीस, जा, पाय पसर." तिसऱ्या चाळणीला जावेनं फक्त एकदा उजवा खांदा डाव्या हातानं धरला. मी दुसऱ्या खोलीत जाऊन एकटीच हसले. वाईट दिसतं हे लिहिताना. पण खरं ते हेच.

दुपारी तिनं कणीक मळली आणि पाट्यावर आपटायला घेतली. आपटण्याचा एक आवाज असतो, नीट लागला की मऊ, ओला. तिचा लागत नव्हता. शंभर एक झाल्यावर लागायला लागला. मी तिला सांगितलं नाही की लागतोय.

आता माझी दुसरी मूर्खपणाची गोष्ट. ही एकतिसाव्या वर्षाची नाही, बहात्तराव्या वर्षाची आहे, म्हणून जास्त लाज वाटते.

त्याच संध्याकाळी चुडा भरायला कासार आला. नवरीचा चुडा झाला, मग घरातल्या सगळ्या सवाष्णींना हिरव्या बांगड्या. मी पुढं होऊन हात दिला. राज्य करणाऱ्या बाईला हात भरून बांगड्या नकोत का? कासारानं माझा पंजा दाबून दाबून घट्ट मापाच्या, हाताला डझन, अशा चढवल्या. मी त्या लग्नघरात खुळखुळवत फिरले. 

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तीन दगडांवर खापर तापलं. शेजारपाजारच्या बायका बघायला जमल्या. मी ऐटीत गोळा उचलला, लाटला, हातांवर घेतला, आणि पहिल्याच झोल्याला बांगडी लागून तो फाटला.

दुसरा फाटला. तिसरा खापरापर्यंत पोचला आणि खापरावर सांडला, साखर जळल्याचा धूर माझ्या डोळ्यांत. बांगड्या उतरवायला बघितल्या, तर पंजावरून निघेनात. साबण लावला, खोबरेल लावलं, हात लाल झाला. आणि लग्नघरात सवाष्णीच्या बांगड्या फोडायच्या, हे कुणाच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. त्यात आणखी एक गोष्ट मला एकटीलाच माहीत होती. गेली सहा-सात वर्षं शेडात मांडे बायकाच करत होत्या. मी पहिला एक करायची, पूजेचा, आणि मग खुर्चीत. पाचवा फाटला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मघापासून हातांकडेच बघतेय.

नात दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, मेंदीचे दोन्ही हात अधांतरी धरून. उद्या दुपारी तिची बुट्टी निपाणीत उघडणार होती. कणीक होती तेवढीच होती. नवी करायची तर परत दोन दिवस. ती रडत नव्हती, पण मेंदीच्या हातांनी डोळे पुसता येत नाहीत म्हणून रडत नसावी.

कनवटीची किल्ली काढावी असं एकदा मनात आलं. शेडात सपीट होतं, पण कणीक मुरायला वेळ कुठून आणायचा? आणि किल्ली काढायची म्हणजे चाळीस वर्षं हरायची. मी काढली नाही. हेही लिहून ठेवते.

जाऊ उठली. आत गेली, आदल्या दिवशी जे धोतर चाळायला वापरलं ते भिजवून घेऊन आली आणि दातांनी धरून त्याच्या उभ्या पट्ट्या फाडल्या. माझ्यासमोर पाटावर बसली. "हात आण."

तिनं माझ्या बांगड्या एकमेकींना भिडवून वर सरकवल्या, जातील तेवढ्या, आणि मनगटापासून कोपरापर्यंत ओली पट्टी गुंडाळायला लागली. जखमेला बांधतात तशी, पदरावर पदर. वरून तूप चोपडलं, त्यावर सपीट. घाई केली नाही. काच हाताला रुतत होती.

"आक्का, लई आवळताय."

"मी कुठं आवळतोय," ती म्हणाली. "आपोआप आवळतंय."

आमच्या भागात बायकाही 'मी करतो, मी गेलतो' असंच बोलतात. माझ्या पुण्याच्या सुनेला अजून त्याचं हसू येतं. त्या क्षणी मला हसू आलं नाही. तो 'आपोआप' कुठंतरी ओळखीचा वाटला, पण हात दुखत होता, खापर तापलं होतं, आणि मी तो शब्द तिथंच सोडला.

दुसऱ्या हाताची पट्टी बांधून ती उठली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "हाताकडं बघू नको. कणकीकडं बघ." सासूबाईंचं वाक्य, सासूबाईंच्याच सुरात. दोन वर्षं तिलाही ते ऐकावं लागलं होतं, हे मी साफ विसरले होते.

सहावा मांडा उतरला. जाड होता, पण उतरला. सातव्याला कडा पातळ झाल्या. मग हातांना आठवलं, किंवा हातांना काही आठवत नाही आणि कणीकच चांगली होती, तेही असेल. ती कणीक खरोखर चांगली होती. इतकी एकजीव कणीक माझ्या शेडात कित्येक वर्षांत झालेली नाही. जाऊ पलीकडं बसून घड्या घालत होती. चटका बसला की नुसती बोटं झटकायची. दुपारपर्यंत चोवीस मांडे झाले. त्यातले तीन मांडे घरातल्या लोकांनी उभ्या उभ्या खाल्ले. एकवीस बुट्टीत गेले.

निपाणीला दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, जेवणं झाली आणि मग मुलाकडच्या घरात सतरंजीवर बुट्टी आली. मुलाची आजी मधोमध बसली. तिनं वरचा मांडा सोडून खालून चौथा काढला, अनुभवी बाई. दोन बोटांनी उचलला, खिडकीकडे धरला, मोडला. खोलीभर आवाज ऐकू गेला. तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चघळला. नवी नवरी पायाच्या अंगठ्याकडं बघत होती.

"चांगला झालाय," आजी म्हणाली. "कुणाच्या हातचा?"

कुणीतरी मला पुढं ढकललं. त्यांच्यातलीच एक बाई म्हणाली, "ह्या त्या. बेळगावात नाव आहे ह्यांचं. हाताला काय गुण आहे बघा."

मी हसून मान खाली घालणार, एवढ्यात शेजारून जावेचा आवाज आला, खणखणीत.

"गुण कसला घिऊन बसलाय. गुणानं मांडं हुत न्हाईत. तीन दिवस गहू सरकवा, तीन येळा चाळा, तासभर पाट्यावर आपटा, मग हुत्यात. हे बघा, खांदा वर जात न्हाय. कष्ट हायत ओ ह्यात, कष्ट."

तो शब्द. ज्याच्यासाठी मी चाळीस वर्षं थांबले, तो तिच्या तोंडून, भर माणसांत, दोनदा आला. आणि दोन्ही वेळा तिनं तो स्वतःच्या पदरात टाकून घेतला. मी तोंड उघडलं तर तोंडात विडा होता.

मांडे करणारीला नारळ द्यायची तिथं पद्धत आहे. आजीनं हळदीकुंकू लावून नारळ उचलला, माझ्याकडे बघितलं, जावेच्या खांद्याकडे बघितलं, आणि नारळ जावेच्या ओटीत घातला.

परतीच्या गाडीत मी तिच्याच शेजारी बसले. मुद्दाम बसले. हायवेला लागलो तरी ती तो नारळ मांडीवर घेऊन होती, त्याची शेंडी नीट करत. पुढं कुणी डुलक्या घेत होतं, कुणी रडून दमलं होतं. माझ्या हातांवर काचेचे वळ उठले होते. मी आणखी थोडा वेळ कळ काढली. मग राहवेना.

"आक्का, तो नारळ माझा आहे."

तिनं खिडकीबाहेर बघतच विचारलं, "कसा काय?"

"मांडे मी केले. कष्ट माझे. चाळीस वर्षं तुम्ही सगळ्यांना सांगत आलात, हाताला गुण, हाताला गुण. माझं सगळं केलेलं तुम्ही एका शब्दात उडवून लावलंत. निदान नारळ तरी द्या."

तिनं नारळ उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. शेंडी माझ्याकडे केली. मग माझ्याकडे वळून, अगदी सावकाश, म्हणाली,

"घे की. पण आदी सांग, तुझ्या धाकट्याला कांजिण्या आलत्या तवा अकरा दिस त्याला मांडीवर घिऊन कोण बसलंतं, का त्या बी आपोआप गेल्या?"